रंग पुसल्यानंतर

नाटक आणि शिक्षण या दोन वाटांवर आमच्या आयुष्याचा मोठा भाग गेला. सेमिनरीत असताना सणाप्रसंगी नाटके बसविण्याचे काम आमच्याकडे आले आणि पुढे शाळेत शिकवू लागलो तरी ते सुटले नाही. दिवसा वर्ग घ्यावेत आणि उपवासकाळ आला की सायंकाळी देवळाच्या आवारात प्रभूच्या दुःखसहनाच्या नाटकाच्या तालमी घ्याव्यात, असा क्रम अनेक वर्षे चालला. या काळात एक प्रश्न आम्हांला वारंवार विचारला गेला. आपण जे नाही ते असल्याचे दाखवायचे, हे एक प्रकारचे असत्यच नव्हे काय?

प्रश्न क्षुल्लक नाही. शुभवर्तमानात प्रभू येशू परूश्यांना ज्या शब्दाने फटकारतो, त्या मूळ ग्रीक शब्दाचा एक अर्थ 'नट' असाही होता. मराठी बायबलात त्याचे 'ढोंगी' झाले. परंतु नट आणि ढोंगी यांत मोठे अंतर आहे. नट राजा होऊन उभा राहतो तेव्हा तो राजा नव्हे, हे प्रेक्षकाला ठाऊक असते. ढोंग्याचा सारा खटाटोप मात्र समोरच्याला हे ठाऊक होऊ नये यासाठीच असतो. आम्ही हे उत्तर देत असू आणि त्यावर समाधानी असू. भूमिका करणाऱ्याच्या सचोटीचा आम्ही पुष्कळ विचार केला. भूमिका देणाऱ्याच्या सचोटीचा विचार करण्यास मात्र एका मुलाने भाग पाडले.

तो आठवीत होता. त्या वर्षी वर्गातील काही पैसे नाहीसे झाले आणि संशय त्याच्यावर आला. सिद्ध काहीच झाले नाही. पुढे नाटकाची पात्रे ठरविताना 'यहूदा कोण होणार?' असे आम्ही विचारले, तेव्हा मुलांनी एका आवाजात त्याचेच नाव घेतले. आम्ही हसलो, 'शोभेल' असे म्हणालो आणि वहीत नाव लिहून टाकले.

त्याने काम उत्तम केले. चांदीची नाणी त्याने जमिनीवर भिरकावली तेव्हा आवारात शांतता पसरली. पुढे क्रूस उभा राहिला आणि बायाबापड्यांनी पदराने डोळे टिपले. प्रयोग संपल्यावर मुलांनी चेहऱ्यावरचे रंग पुसले. पिलात घरी गेला, शिपाई घरी गेले, पेत्र घरी गेला. यहूदाला मात्र घरी जाता आले नाही. दुसऱ्या दिवसापासून वाडीत त्याचे नाव 'जुदास' पडले. वर्षभरात त्याने शाळा सोडली. का सोडली, हे आम्ही विचारलेही नाही.

संत ऑगस्टिनने ही जखम फार पूर्वी ओळखली होती. तरुणपणी कार्थेजमध्ये तो नाटकांचा शौकीन होता आणि पुढे वक्तृत्वाचा शिक्षक झाला. इ. स. ४०० च्या सुमारास लिहिलेल्या आत्मनिवेदनाच्या तिसऱ्या भागात तो स्वतःलाच कठोरपणे तपासतो. रंगमंचावरील दुःख पाहून माणसे रडतात आणि त्या रडण्यात सुख मानतात, पण तेथे कोणाच्या मदतीला धावून जाण्याचा प्रसंगच येत नसतो. मग ती करुणा कसली? आमच्या आवारात त्या रात्री तेच घडले. प्रभूसाठी सर्वांनी अश्रू ढाळले. ज्याच्यासाठी दोन पावले उचलता आली असती, तो मुलगा आमच्यामधूनच एकटा चालत गेला.

यावरून नाटकच वाईट, असा निष्कर्ष आम्ही काढीत नाही. १९४१ साली नाझी अंमलाखालील क्राकूफ शहरात कोत्लार्चिक नावाच्या शिक्षकाने एक गुप्त नाट्यमंडळी उभी केली. लोकांच्या घरांत, फारशा नेपथ्याविना, शब्दांच्याच बळावर तिचे प्रयोग होत. पकडले गेल्यास शिक्षा भयंकर होती. त्या मंडळीतील कारोल वोयतीवा हा तरुण नट पुढे धर्मगुरू झाला, १९५४ पासून लुब्लिनच्या कॅथलिक विद्यापीठात नीतिशास्त्र शिकवू लागला आणि १९७८ साली पोप जॉन पॉल दुसरे म्हणून जगापुढे आला. १९६९ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या तत्त्वज्ञानाच्या ग्रंथात त्याने असा विचार मांडला आहे की, माणूस आपल्या कृतीतून प्रकट होतो आणि आपल्या कृतीनेच घडत जातो. म्हणजे अखेरची कृती होईपर्यंत माणूस पुरा झालेला नसतो. दुसऱ्याने दिलेल्या नावात त्याला बंद करण्याचा अधिकार कोणालाच नाही.

लॅटिन भाषेत 'पर्सोना' म्हणजे नटाचा मुखवटा. पुढे ख्रिस्तसभेच्या आचार्यांनी पवित्र त्रैक्याविषयी बोलताना हाच शब्द 'व्यक्ती' या अर्थाने वापरला. मुखवट्याच्या शब्दाला केवढी ही प्रतिष्ठा लाभली! आम्ही शिक्षक मात्र उलट दिशेने गेलो. समोर व्यक्ती होती, तिच्यावर आम्ही मुखवटा चढविला.

पुष्कळ वर्षांनी तो आपल्या आईच्या दफनविधीसाठी गावी आला. दफनभूमीच्या फाटकाशी आम्ही त्याची क्षमा मागितली. तो थोडा वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, "फादर, पेत्रानंही तीनदा नाकारलंच की. पण पेत्र म्हणून कुणी कुणाला चिडवत नाही."

त्याने क्षमा केली की नाही, हे त्याने सांगितले नाही आणि आम्ही विचारले नाही. त्या उपवासकाळापासून आमच्या नाटकात यहूदाची भूमिका आम्ही स्वतःच करू लागलो. काही वडीलधाऱ्या मंडळींना ते रुचले नाही. धर्मगुरूने विश्वासघातक्याचे सोंग घ्यावे, हे त्यांना अशोभनीय वाटले. ती नाणी हातात घेतली की आम्हांला मात्र आमची ती वही आठवते.

पात्रांची वाटणी केवळ नाटकातच होते असे नाही. आपल्या घरांतही 'हा आळशी', 'ती हट्टी', 'याच्याकडून काही व्हायचे नाही' अशा भूमिका जेवणाच्या ताटावर सहज वाटल्या जातात, आणि मुले त्या निमूटपणे पाठ करतात. प्रभूने पेत्राला पुन्हा विचारले, तेही तीनदा, आणि आपली मेंढरे त्याच्या हाती दिली. घरातील ज्या मुलाला आपण एखादे नाव देऊन ठेवले आहे, त्याला पुन्हा विचारण्याची वेळ अजून गेलेली नाही.