कडीला कडी

भास्कर हलामी यांचं बालपण गडचिरोली जिल्ह्यात, कुरखेडा तालुक्यातल्या चिरचाडी गावात गेलं. काळ ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीचा. चंद्रपूरमधून गडचिरोली जिल्हा वेगळा निघाला 26 ऑगस्ट 1982 ला. नकाशा नवा झाला, चुली जुन्याच राहिल्या. शेताचा तुकडा घर चालवायला पुरत नसे, म्हणून आईवडील लोकांच्या घरी राबत. मोहाची फुलं शिजवून खायची. ती खायला जड आणि पचायला त्याहून जड. रानात आपसूक उगवलेला भात वेचून आणायचा, त्याच्या पिठाची आंबील करायची आणि पिऊन पोट भरायचं. पावसाळा सगळ्यांत वाईट, कारण धान हाती यायला अवकाश आणि हाताला काम नाही. गावातल्या नव्वद टक्के लोकांचं असंच चाललेलं असे, असं हलामी यांनीच पुढे सांगितलं आहे.

इथवर आलं की ऐकणाऱ्याला पुढचं पाठ असतं. पोरगा हुशार निघाला, शिकला, अमेरिकेला गेला, शास्त्रज्ञ झाला. खरंच तसं झालं. पण सत्काराच्या भाषणात जे दोन वाक्यांत उरकतात, तेच या गोष्टीतलं सांगण्याजोगं आहे.

वडील सातवी शिकलेले. कासनसूरच्या शाळेत काम मिळण्यासारखं आहे, असं त्यांच्या कानावर आलं. कासनसूर चिरचाडीहून शंभर किलोमीटरपेक्षा लांब, मधे सगळं जंगल. मिळेल त्या वाहनानं ते निघाले. पोचले की नाही, हे घरी कळायला काही मार्गच नव्हता. तीन-चार महिन्यांनी ते स्वतः परत आले तेव्हाच बायकोपोरांना कळलं, की शाळेत स्वयंपाक्याची नोकरी लागली आहे. मग सगळं बिऱ्हाड कासनसूरला हललं. तीन-चार महिने नवऱ्याचा निरोप नाही, घरात दाणा नाही, आणि ही बाई पोरं सांभाळत तग धरून राहिली. त्याचं प्रमाणपत्र कोणी देत नाही.

पुढे मुलगा चौथीपर्यंत कासनसूरच्या आश्रमशाळेत शिकला. शिष्यवृत्तीची परीक्षा पास झाल्यावर यवतमाळ जिल्ह्यात केळापूरच्या शासकीय विद्यानिकेतनात दहावीपर्यंत. बीएस्सी गडचिरोलीत, रसायनशास्त्रात एमएस्सी नागपूरच्या विज्ञान संस्थेत. 2003 मध्ये नागपूरच्याच लक्ष्मीनारायण तंत्रज्ञान संस्थेत, म्हणजे आपल्या सगळ्यांच्या ‘एलआयटी’त, सहायक प्राध्यापकाची नेमणूक. एमपीएससीची परीक्षाही ते पास झाले.

आता ही गोष्ट जरा बाजूला ठेवून हलामी यांच्या विषयाकडे, म्हणजे आरएनएकडे, वळू.

आरएनएचा रेणू म्हणजे कड्यांची एक साखळी. तो प्रयोगशाळेत तयार करायचा तर एका झटक्यात होत नाही. काचेच्या बारीक, सच्छिद्र कणांवर पहिली कडी घट्ट बसवतात. मग तिला दुसरी, दुसरीला तिसरी, असं एकेक करत साखळी वाढवत नेतात. आज जगभर वापरतात ती रीत 1980 नंतरच्या दोन-तीन वर्षांत बसली. अमेरिकेतले मार्विन कॅरुथर्स हे तिच्यामागचं मोठं नाव. प्रत्येक फेरीत आधी साखळीच्या टोकावरचं झाकण आम्लानं काढायचं, मग नवी कडी जोडायची, मग तो सांधा पक्का करायचा. पाण्याचा अंश चालत नाही. द्रावकात दमट हवा शिरली, तर येणारी कडी साखळीला लागण्याऐवजी पाण्याशीच लागते आणि वाया जाते.

औषधासाठी लागणारा छोटा आरएनए साधारण एकवीस कड्यांचा असतो. शरीरात नको असलेल्या जनुकाचं काम तो बंद पाडतो. या तत्त्वावरच्या पहिल्या औषधाला अमेरिकेत 2018 मध्ये परवानगी मिळाली. एकवीस कड्या म्हणजे वीस सांधे. दर सांध्याला शंभरातल्या नव्याण्णव साखळ्या जुळल्या, तर शेवटी पूर्ण लांबीच्या 82 हाती येतात. पंचाण्णव जुळल्या तर 36 च. नव्वद जुळल्या तर फक्त 12. वर्गात नव्वद टक्के म्हणजे पेढे वाटतात. इथे नव्वद टक्क्यांत माल जवळपास गेलाच. आणि कोणत्याही एका सांध्यावर मोठा अपघात झालेला नसतो. दर वेळी थोडं थोडं गळतं, एवढंच.

ज्या साखळ्यांना कडी लागली नाही त्यांचं काय करतात? त्यांचं टोक अ‍ॅसेटिक अनहायड्राइड वापरून कायमचं बंद करून टाकतात. पुढच्या फेरीत त्यांना काही जोडलं जाऊ नये, हा हेतू. मधली एक कडी सुटलेली साखळी शेवटपर्यंत वाढली, तर ती चांगल्या साखळीसारखीच दिसते आणि निवडून काढता काढता जीव जातो. त्यापेक्षा तोकडी राहिलेली बरी. रसायनशास्त्रात हे शहाणपणच आहे.

माणसांच्या बाबतीत असं काही कारण नसतं, तरी टोकं बंद होतात. चौथीनंतरची शाळा लांब म्हणून एक थांबतो. दहावीत गणित राहिलं म्हणून दुसरा. बारावीनंतर वसतिगृहात जागा मिळाली नाही म्हणून तिसरी, आणि तिला तर परत कोणी विचारतही नाही. एकदा सुटलेली कडी नंतर लावता येते, बाहेरून परीक्षा देता येते, वर्ष गेलं म्हणजे आयुष्य गेलं असं नसतं, हे त्यांना सांगायला वेळेवर कोणी भेटत नाही.

आणखी एक टोक असतं, ते आपण हसत हसत बंद करतो. आपल्याकडे एमएस्सी झालेल्याला एकच प्रश्न विचारतात, लागला का कुठं? लागला की प्रश्न संपले. ज्या घरानं आंबिलीवर दिवस काढले, त्या घराला महिन्याच्या पगाराचं मोल विचारायचं कारण नाही, आणि नोकरीला नावं ठेवायचा मला तर मुळीच अधिकार नाही. तरी पीएचडीची वाट नेमकी इथेच बंद होते. एमएस्सीपर्यंत पुस्तकातल्या प्रश्नांची उत्तरं द्यायची असतात. पीएचडीत ज्याचं उत्तर पुस्तकात नाही असा प्रश्न घेऊन चार-पाच वर्षं बसायचं असतं. त्यातला पुष्कळ काळ प्रयोग फसण्यातच जातो, आणि बरोबरीचे तोवर घर बांधून मोकळे होतात.

हलामी यांना एलआयटीतली नोकरी होती, वर एमपीएससी. तिथे थांबते तरी चिरचाडीनं हारतुरेच घातले असते. ते उठले आणि मिशिगन टेक्नॉलॉजिकल विद्यापीठात, सुपीरिअर सरोवराजवळच्या हिवाळाभर बर्फात बुडालेल्या हॉटन गावी, पीएचडीला गेले. डीएनए-आरएनएच्या क्षेत्रात पुढे खूप काही करण्यासारखं आहे, हे ओळखून त्यांनी ती दिशा धरली. पीएचडी झाल्यावर मेरिलँडमधल्या ‘सिरनाओमिक्स’ या औषध कंपनीत ते ज्येष्ठ शास्त्रज्ञ झाले. 2022 मध्ये वर्तमानपत्रांनी त्यांची गोष्ट छापली, तेव्हा आरएनए तयार करण्याचंच काम त्यांच्याकडे होतं.

त्यांच्या हुशारीबद्दल प्रश्न नाही. पण हुशारी एका कडीपुरती. त्या साखळीत स्वयंपाक्याच्या नोकरीसाठी जंगल तुडवत गेलेले वडील आहेत, निरोपाविना थांबलेली आई आहे, आश्रमशाळा आहे, शिष्यवृत्तीची परीक्षा आहे, केळापूरचं विद्यानिकेतन आहे. यातला एकही सांधा दिसायला भव्य नाही. एक निसटला असता, तर चिरचाडीतला तो मुलगा आज रोवणीच्या कामावर असता, आणि कोणाच्या काही लक्षातही आलं नसतं.

आता गडचिरोलीत 2011 पासून गोंडवाना विद्यापीठ आहे; पीएचडीच्या नोंदणीसाठी नागपूर गाठावं लागत नाही. अनुसूचित जमातीच्या विद्यार्थ्यांना देशात पीएचडी करण्यासाठी केंद्राच्या आदिवासी कार्य मंत्रालयाच्या वर्षाला 750 फेलोशिप आहेत, आणि परदेशी शिकायला जाण्यासाठी देशभरातून 20 शिष्यवृत्त्या. धानोरा, कुरखेडा, राजुरा, मूल, कुठल्याही महाविद्यालयात तुम्ही रसायनशास्त्र शिकवत असाल, तर बीएस्सीच्या शेवटच्या वर्षाच्या फळ्यावर हे दोन आकडे लिहून ठेवा. परीक्षेत येणार नाहीत, तरी लिहा. आणि एखाद्या पोरीनं तास संपल्यावर येऊन विचारलं, तर तिचा अर्ज भरून होईपर्यंत तिच्याजवळ बसा.