उष्टावणाचा घास

प्रवरेच्या तीरावरील श्रीक्षेत्र नेवासे येथे श्रीमोहिनीराजांचे जे स्थान आहे, त्याच्या माहात्म्यात समुद्रमंथनानंतरच्या पंक्तीची कथा येते. अमृताचा कलश वर येताच देव आणि दानव यांच्यात झोंबाझोंबी सुरू झाली, तेव्हा श्रीविष्णूंनी मोहिनीरूप धारण केले, उभय पक्षांस पंक्तीने बसविले आणि स्वहस्ते अमृत वाढावयास घेतले. देवांच्या पंक्तीत लबाडीने शिरलेल्या राहूचे शिर उडाले ते राहुरीस पडले आणि काया कायगाव टोके येथे पडली, अशी या परिसरातील लोकश्रद्धा आहे. कथा ऐकताना श्रोत्यांचे सारे लक्ष त्या राहूकडे लागते. वाढणारीकडे सहसा कोणी पाहत नाही. वास्तविक अमृत हाती आलेलेच होते. उणीव होती ती केवळ ते ज्याच्या त्याच्या मुखी घालणाऱ्या हाताची, आणि त्या एका कार्यासाठी प्रत्यक्ष जगन्नियंत्याने स्त्रीरूप घेतले.

याच नेवाशात शके १२१२ मध्ये श्रीज्ञानेश्वर महाराजांनी खांबास टेकून गीतेचा अर्थ मराठीत सांगितला. संस्कृताचे कठीण अन्न ज्यांना चावता येत नव्हते, त्यांच्यासाठी तो घास मऊ करून भरविला गेला. महाराष्ट्राने त्या तरुण योग्यास माउली म्हटले, त्यामागे हेही एक कारण असावे.

जिल्ह्यातील देवस्थानांत पौर्णिमेस, मंगळवारी अथवा यात्रेच्या दिवसांत तान्ही बाळे घेऊन कुटुंबे येतात. कोणाचा नवस असतो, कोणाचे जावळ असते, तर कोणी उष्टावणासाठी देवाचे अंगण निवडतो. मामाच्या मांडीवर बाळ बसते, चांदीच्या वाटीत खीर असते आणि सोन्याची अंगठी तीत बुडवून बाळाच्या जिभेला लावली जाते. हा सोहळा दहा मिनिटांत आटोपतो. पुढे मंडळी जेवावयास बसतात, छायाचित्रे निघतात आणि बाळाच्या तोंडात पुन्हा दुधाची बाटली दिली जाते. पुष्कळ घरांत ही बाटली पुढे दोन-अडीच वर्षे सुटत नाही.

अन्नप्राशन हा सोळा संस्कारांपैकी एक असून आश्वलायन गृह्यसूत्राने त्यासाठी सहावा महिना सांगितला आहे. त्या प्रसंगी म्हणावयाच्या मंत्रात अन्नाच्या स्वामीकडे केलेले मागणे मोठे विचार करण्यासारखे आहे. धनधान्याची रास तेथे मागितलेली नाही. जे रोग आणणार नाही आणि ज्याने बळ येईल असे अन्न दे, एवढेच मागितले आहे. काश्यपसंहिता तर याहून सावध पावले टाकते. सहाव्या महिन्यात फळ आणि दहाव्या महिन्यात अन्न, असा तिचा क्रम आहे. आजचे वैद्यकही सहा महिने पूर्ण होईपर्यंत केवळ आईचे दूध आणि त्यानंतर दुधासोबत वरचे अन्न असेच सांगते. जागतिक आरोग्य संघटनेने सन २००१ पासून हाच नियम घालून दिला आहे. बाळ आईच्या पोटातून लोहाचा जो साठा घेऊन येते, तो सहाव्या महिन्याच्या सुमारास सरत येतो आणि पुढची गरज एकट्या दुधाने भागत नाही. मुलाचे उष्टावण सम महिन्यात व मुलीचे विषम महिन्यात करण्याची रूढी आपल्याकडे आहे. ती पाळावयाची असेल तर मुलीसाठी पाचव्याऐवजी सातवा महिना धरावा. रूढीही राहते आणि बाळाचे हितही साधते.

तथापि उष्टावण हा आरंभ आहे, आणि खरा संस्कार त्यापुढील वर्षभर रोज दोन-तीन वेळा व्हावयाचा असतो, हे याच जिल्ह्याने फार मोठी किंमत देऊन शिकलेले आहे.

सन १९७० मध्ये डॉ. रजनीकांत आरोळे आणि डॉ. मेबल आरोळे या दांपत्याने जामखेड येथे ग्रामीण आरोग्य प्रकल्प सुरू केला. त्या वेळी त्या परिसरात जन्मलेल्या दर हजार बालकांपैकी सुमारे १७६ बालके पहिला वाढदिवस पाहत नसत. मागोमाग १९७२ चा दुष्काळ आला. दुष्काळी कामांवर खडी फोडणाऱ्या मातांची आणि सुकडीवर वाढलेल्या मुलांची ती पिढी आज आजी-आजोबा झाली आहे. मूल वाळू लागले, पोट पुढे आले, हातापायांच्या काड्या झाल्या की तो देवीचा कोप आहे, कोणाची दृष्ट लागली आहे, असे मानले जाई. मग अंगारा लावला जाई, उतारा टाकला जाई, नवस बोलला जाई. मूल मात्र उपाशीच असे. घरात अन्न मुळीच नव्हते असेही प्रत्येक ठिकाणी नव्हते. भाकरी होती, डाळ होती, परंतु दात नसलेल्या बाळाला ते पचेल यावर कोणाचा विश्वास नव्हता आणि चार-चार वेळा भरवीत बसण्यास रोजंदारीवर जाणाऱ्या आईला सवड नव्हती.

आरोळे दांपत्याने गावोगावच्या स्त्रियांनाच आरोग्याचे शिक्षण दिले. त्यांतील कित्येकींना अक्षरओळख नव्हती, कित्येकी त्या काळी गावकुसाबाहेर राहणाऱ्या होत्या. त्या घरोघर जाऊन बाळाचे वजन करीत आणि आईच्याच चुलीवर शिजलेले अन्न मऊ करून थोडे थोडे, पण पुनःपुन्हा कसे भरवावे ते दाखवीत. तरुण शेतकऱ्यांच्या मंडळांनी मुलांच्या सामुदायिक स्वयंपाकास हातभार लावला. स्वच्छ पाणी, लसीकरण आणि गरोदर मातांची काळजी यांची जोड होतीच. १९९० च्या दशकाच्या मध्यापर्यंत त्या गावांतील बालमृत्यूंचे प्रमाण हजारी तिसाच्या खाली आले. या कार्याबद्दल उभयतांस १९७९ मध्ये मॅगसेसे पुरस्कार मिळाला. देवी तीच होती, देऊळ तेच होते. ज्या बाळांवर तिचा कोप झाल्याचे सांगितले जात होते, ती बाळे भरविल्यावर बाळसे धरू लागली. जगदंबेला आई म्हणावयाचे आणि भुकेल्या लेकरावर ती रागावली असे समजावयाचे, या दोन गोष्टी एका मुखी शोभत नाहीत. तेव्हा वाळत चाललेले बाळ घेऊन कोणी दर्शनास आले असेल, तर दर्शन अवश्य घ्यावे, पण घरी परतताना वाटेतील आरोग्य केंद्रात त्याचे वजन करून घ्यावे.

आता बाटलीविषयी. महाभारताच्या आदिपर्वात अश्वत्थाम्याच्या बालपणीचा एक करुण प्रसंग आहे. श्रीमंतांची मुले दूध पिताना पाहून तो दुधासाठी रडू लागला. द्रोणाचार्यांनी गाईसाठी पुष्कळ वणवण केली, परंतु गाय मिळाली नाही. तेव्हा इतर मुलांनी पाण्यात पीठ कालवून त्याला पाजले आणि ते बाळ दूध प्यालो म्हणून आनंदाने नाचू लागले. त्या नाचाने द्रोणांचे काळीज फाटले व ते द्रुपदाकडे निघाले. पुढचे भारत सर्वश्रुत आहे. बाटलीत अर्धे दूध, अर्धे पाणी घालून वर साखर टाकणाऱ्या घरात आजही तेच पीठपाणी पाजले जाते. बाळ चोखत शांत होते आणि घरच्यांस वाटते की त्याचे पोट भरले. दूध महाग आहे हे खरे. म्हणूनच त्यात पाणी वाढविण्यापेक्षा सहा महिन्यांवरील बाळाला वाटीभर मऊ वरणभात भरविणे स्वस्तही पडते आणि अंगीही लागते.

बाटलीच्या बुचाच्या खाचांत व रबरी बोंडीत दुधाचा अंश साचून राहतो. प्रत्येक वेळी ती उकळून घेणे ज्या घरी होत नाही, तेथे हगवण ठरलेली. पाथर्डी, शेवगाव, जामखेड या तालुक्यांतून दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीस जाणाऱ्या कुटुंबांचा विचार करावा. पहाटे कोयता घेऊन आई फडात जाते आणि कोपीत तान्ह्या बाळाजवळ सात-आठ वर्षांची ताई राहते. सकाळी भरून ठेवलेली बाटली दुपारी उन्हाने नासलेली असते, आणि ती पोर ती तशीच बाळाच्या तोंडी देते. तिला तरी काय ठाऊक! वाटी आणि चमचा मात्र राखेने अथवा साबणाने घासून, स्वच्छ पाण्याने विसळून घेता येतात. बाळाला बसवून, निजवून नव्हे, चमच्याने भरविणे तिलाही शिकविता येते.

आपल्या आजी-पणज्यांना बाटली माहीत नव्हती. वरचे दूध पाजण्यासाठी त्यांच्याजवळ चोचीचे बोंडले होते. अनेक घरांत ते चांदीचे असे आणि लेकीच्या बाळंतपणात माहेरहून येई. पेटीच्या तळाशी ते अजून सापडेल. ज्या मातेस अंगावर पाजणे शक्य नाही, ज्या बाळाची आई राहिली नाही, अथवा जे दत्तक आले आहे, त्या बाळासही वैद्यांनी सांगितलेले दूध वाटीने किंवा बोंडल्याने पाजता येते. अशा मातेस कोणी बोल लावू नये. नंद आणि यशोदा यांनीही दुसऱ्याचेच लेकरू वाढविले.

सहा महिने पूर्ण झाल्यावर आरंभी दोन-तीन चमचे, दिवसातून दोनदा, इतकेच द्यावे आणि हळूहळू प्रमाण वाढवीत न्यावे. मऊ भात, मुगाचे घट्ट वरण, ज्वारीच्या अथवा नाचणीच्या पिठाची लापशी, उकडून कुस्करलेला लाल भोपळा, केळे यांपैकी जे घरी असेल ते वर थोडे तूप सोडून चालते. वरणाच्या वरच्या पाण्यावर आपल्याकडे फार भिस्त असते, परंतु सत्त्व खाली राहिलेल्या डाळीत असते. चमचा कलता केल्यावर जे पाण्यासारखे ओघळून जाते त्याने पोट भरत नाही; अन्न चमच्यावर ठरले पाहिजे. नवव्या महिन्यापासून दिवसाला तीन-चार वेळा भरवावे. वर्षाच्या बाळाने घरच्या भाकरीचा कुस्करा, वरण, भाजी खाल्लीच पाहिजे, मात्र तिखट वेगळे ठेवावे. वर्षाच्या आत मीठ-साखर नको. चहात बुडविलेले बिस्कीट हे बाळाचे अन्न नव्हे, कारण चहामुळे अन्नातील लोह अंगी लागत नाही. बाळाने घास थुंकला म्हणजे त्याला ते आवडत नाही असे लगेच समजू नये. तीच चव आठ-दहा वेळा समोर आली की ते स्वीकारते. अंगावरचे दूध दोन वर्षे आणि त्यापुढेही चालू ठेवावे.

बाटलीची सवय जडली असेल तर सहाव्या महिन्यापासूनच पेल्यातून पाण्याचे घोट देण्यास आरंभ करावा. पेला प्रथम सांडतो, कपडे भिजतात, आजी रागावते. ते सर्व चालावयाचे. पहिला वाढदिवस झाल्यावर आधी दुपारची बाटली बंद करावी, मग सकाळची, आणि सर्वांत शेवटी निजतानाची. ही निजतानाचीच सर्वांत चिवट असते व सर्वांत घातकही, कारण दूध तोंडात ठेवून झोपी गेलेल्या बाळाचे पुढचे दात किडतात. दीड वर्षापर्यंत बाटली घरातून गेलेली असावी. त्या वयात दिवसाला अर्धा लिटरच्या आसपास दूध पुरे. त्याहून अधिक प्यालेले मूल जेवत नाही आणि पांढुरके पडते. चार रात्री रडणे होईल. त्या वेळी मांडीवर घेऊन थोपटावे, एखादा अभंग म्हणावा. बाळाला हवी असते ती जवळीक, आणि ती बाटली नसतानाही देता येते.

दात्यांपैकी अनेकांना बालकांसाठी काही द्यावे अशी इच्छा असते. दूधपावडरीचे डबे व बाटल्या आणून वाटू इच्छिणाऱ्यांनी ध्यानात घ्यावे की सन १९९२ च्या केंद्रीय कायद्यान्वये, ज्यात २००३ मध्ये सुधारणा झाली, शिशुदूधपर्यायांचे व दुधाच्या बाटल्यांचे असे वाटप करता येत नाही. अनाथालयांचा तेवढा अपवाद आहे. त्याऐवजी स्टीलची वाटी, चमचा व लहान पेला असा संच द्यावा. अंगणवाडीत सहा महिने ते तीन वर्षे वयाच्या बालकांसाठी घरपोच आहार मिळतो, ही माहिती आपल्या वस्तीवरील अथवा ऊसतोडीहून परतलेल्या मातेस सांगणे हेही दानच आहे, आणि त्यास पावती लागत नाही.

राहता राहिला प्रसाद. बाळाच्या तोंडात देवाचा प्रसाद पडावा ही आजी-आजोबांची इच्छा स्वाभाविक आहे. परंतु मढीची रेवडी असो, फुटाणे असोत, शेंगदाणे, खोबऱ्याचा तुकडा अथवा खडीसाखर असो, हे पदार्थ लहान बाळाच्या श्वासनलिकेत अडकतात व क्षणार्धात प्राणावर बेतते. सूत्रकारांनी उष्टावणाच्या अन्नात दही व तूप यांबरोबर मधही सांगितला आहे. तथापि मधात एका सूक्ष्म जंतूची बीजे असू शकतात आणि वर्षाच्या आतील बाळाच्या आतड्यात ती रुजली तर अंग लुळे पाडणारा विकार होतो, हे आता ठाऊक झाले आहे. जो मंत्र रोगरहित अन्न मागतो, त्याच मंत्राच्या साक्षीने मध वगळावा. पंचामृतही बाळाच्या जिभेस न लावता कपाळास लावावे. खीर भरविणाऱ्या मामाने आधी हात धुवावेत, अंगठीही धुऊन घ्यावी. रांगेतील इतर भाविकांनी ओळख नसलेल्या बाळाच्या तोंडात कौतुकाने काही घालू नये. प्रसाद त्याच्या आईच्या ओंजळीत द्यावा, आणि कडेवर तान्हे असलेल्या स्त्रीस रांगेत पुढे जाऊ द्यावे.