बारा व्होल्टांची नीती

नीतिशास्त्राशी आम्हा कॉमर्सवाल्यांचा फारसा संबंध येत नाही. जमा आणि नावे जुळले की पुण्य, न जुळले की पाप! तरीही जिथे कोणी बघत नाही तिथे माणसाने नीट का वागावे, हा प्रश्न मला पडलाच. आणि तो पडला कुठे, तर अलोऱ्याला, मेहुण्याच्या ट्रॅक्टरच्या बॉनेटखाली.

अलोरे म्हणजे विजेचे माहेर. पोफळीला वीज देऊन कोयनेचे पाणी कोळकेवाडी धरणात येते आणि तिसऱ्या टप्प्यात आणखी ३२० मेगावॅट देऊन मग वाशिष्ठीकडे जाते. अशा गावच्या माणसाला बारा व्होल्टांचे काय भय? मेहुण्याला ट्रॅक्टरवर दोन जादा दिवे, एक हॉर्न आणि गाणी हवी होती. "भावोजी, बॅटरीवरनं सरळ दोन वायरी ओढल्या की झालं. बाराचा शॉकसुद्धा बसत नाही!"

"माणसाला नाही बसत, वायरीला बसतो," वायरमन म्हणाला. वायर घासून पत्र्याला टेकली की बॅटरी शेकडो अँपिअर सोडते. वायर लालभडक होते, आणि शेजारून डिझेलची नळी गेलेली.

मग कागद-पेन्सिल निघाली. पंचावन्न वॅटचे दोन दिवे, म्हणजे ११० भागिले १२, सुमारे ९ अँपिअर. (हा भागाकार मी केला. पदवी वाया गेली नाही.) फ्यूज १५ चा, आणि वायर त्याहून जास्त भार सोसणारी. फ्यूज दिव्यापाशी लाव, बदलायला बरा, असे मेहुण्याचे मत. पण फ्यूज दिव्यासाठी नसतो, वायरीसाठी असतो. तो बॅटरीच्या जवळच हवा, नाहीतर मधली सगळी वायर बेवारशी. स्विचवर भार नको म्हणून रिले, पत्र्यातल्या भोकाला रबरी रिंग, सायलेन्सरपासून अंतर, आणि अर्थिंगसाठी रंग खरवडून स्वच्छ लोखंड. कोकणातल्या पावसात उघडे तांबे हिरवे व्हायला वेळ लागत नाही.

गंमत अशी, की वायरी पिळून टेप गुंडाळली असती तरी दिवे तितकेच लागले असते! आमच्या बँकेत ज्या रकमेचा उलगडा होत नाही ती सस्पेन्स खात्यात टाकतात. पण ते खाते पुढे कोणीतरी उघडतोच. इथे उघडणार कोण? मेहुणा रात्री घरी झोपलेला असतो. चिरे भरून घाटातून येतो तो रोजावरचा ड्रायव्हर. काटकसर मालकाची, आणि जळायचे त्याने! वायरी त्याने बघितलेल्या नाहीत, कबूल तर मुळीच केलेल्या नाहीत. नफातोटा पत्रकात हा खर्च कोणत्या बाजूला दाखवायचा, हे मला कोणी शिकवले नाही.

बरे, सगळे नीट करूनही एका रात्री फ्यूज उडाला, तर ड्रायव्हर बिचारा त्या जागी तांब्याची तार घालणारच. अंधारात माणूस आणखी काय करील? म्हणून वायरमनने झाकणाच्या आत तीन जादा फ्यूज चिकटवले आणि कोणता कशाचा ते पुठ्ठ्यावर लिहिले, ड्रायव्हरला वाचता येईल अशा मोठ्या अक्षरात.

मेहुण्याने बिल बघितले. "भावोजी, एवढ्यात स्पीकर चांगला आला असता," तो अजून म्हणतो.