नकाराचं कारण लेखी द्या

‘ते सगळं ठीक आहे हो, पण त्यांनी जायचं कुठल्या शौचालयात?’

तृतीयपंथी शिक्षिका जेन कौशिक यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाचा निकाल आल्यापासून हा एकच प्रश्न कानावर आदळतो आहे. शाळेच्या स्टाफरूममध्ये, पतसंस्थेच्या काउंटरमागे, आडत दुकानाच्या ओट्यावर. विचारणारी माणसं शिकलेली आहेत, पोरांना पुण्याला शिकायला ठेवणारी आहेत. एवढं विचारून झालं की चर्चा संपली, असं ती धरून चालतात. मला या प्रश्नाचा राग येतो. उत्तर कठीण आहे म्हणून येत नाही. उत्तर नको असलेली माणसं तो विचारतात, म्हणून येतो.

धाराशिव जिल्ह्यात, मुरुम-उमरग्याकडच्या एका कार्यालयात बायकांसाठी शौचालय आहे. दारावर पाटी आहे, दाराला कुलूप आहे आणि किल्ली शिपायाच्या खिशात आहे. एकदा दार उघडलेलं होतं तेव्हा मी आत पाहिलं. फायलींचे गठ्ठे, मोडक्या खुर्च्या, कुठल्याशा अभियानाचे गुंडाळून ठेवलेले फलक. भांड्यावर खोकी रचलेली. तिथल्या लिपिक ताई सकाळी घरून निघताना पाणी पीत नाहीत. अगदीच निभेना झालं, तर मागच्या गल्लीतल्या ओळखीच्या घरी जाऊन येतात. आणि त्याच कार्यालयातल्या साहेबांनी परवा मला विचारलं, ‘तृतीयपंथीयांना नोकरीवर घेतलं तर त्यांची सोय कुठं करायची?’

साहेब, ज्या बायका तुमच्या हाताखाली इतकी वर्षं काम करतात, त्यांची सोय कुठं आहे हे तुम्ही कधी विचारलं होतं का? ज्या अपंग कारकुनाला पायऱ्या चढून जावं लागतं, त्याची सोय विचारली होती का? शौचालयाची काळजी तुम्हाला पहिल्यांदा वाटली ती एका माणसाला नोकरी नाकारताना. तुमच्या काळजीवर मी विश्वास कसा ठेवू?

दरवर्षी दिवाळी झाली की आपल्या भागात गळीत हंगाम सुरू होतो. बीड, धाराशिवच्या टोळ्या कोयते घेऊन निघतात. पालं पडतात. त्या पालांतली बाई पहाटे अंधारात उसाच्या फडाकडे जाते, पाळीच्या दिवसांतही जाते, बाळंतपणानंतर थोड्याच दिवसांत जाते. वर्षानुवर्षं हजारो बायका अशा राबल्या. तेव्हा कुणी म्हणालं नाही की आधी शौचालय बांधू, मग तोडणी सुरू करू. मजूर हवा होता तेव्हा शौचालय आडवं आलं नाही. माणूस नको असतो, तेव्हा ते आडवं येतं. या सबबीतलं सगळं खोटं एवढ्यात दिसतं.

तुमच्या घरात शौचालयं किती आहेत? बहुतेकांकडे एक. त्यात आजोबा जातात, सून जाते, मुक्कामी आलेला पाहुणा जातो. कुणी पाटी लावत नाही. सोलापूरहून रात्री सिद्धेश्वर एक्स्प्रेसनं मुंबईला निघालं की डब्याच्या टोकाला जी शौचालयं असतात, त्यांच्यावरही बाई-पुरुष असं लिहिलेलं नसतं. आतून कडी लागली की काम भागतं. माणसाला दार हवं, कडी हवी, पाणी हवं. या तीन गोष्टी आपण देऊ शकत नसू, तर तो दोष कार्यालयाचा आहे. तो नोकरी मागायला आलेल्या माणसाच्या माथी मारणं हा अन्याय आहे.

आणि ही शंका सरकारला सुचली नव्हती असंही नाही. २०२० च्या नियमांमध्ये आस्थापनांनी समान संधी धोरण तयार करावं असं म्हटलं आहे, आणि त्या धोरणात कुणालाही वापरता येईल अशा शौचालयाचा उल्लेखही आहे. म्हणजे ज्या प्रश्नावर तुम्ही चर्चा संपवता, त्याचं उत्तर २०२० मध्येच राजपत्रात छापून आलं आहे. ते कुणी वाचलं नाही, कारण वाचलं तर सबब हातातून जाते.

बाकीच्या सबबी मी भराभर उरकतो. ‘समाज स्वीकारणार नाही.’ शेजारच्या सोलापूर जिल्ह्यात, माळशिरस तालुक्यातल्या तरंगफळनं २०१७ मध्ये ज्ञानेश्वर कांबळे यांना, म्हणजे माऊलींना, सरपंच म्हणून निवडून दिलं. जळगाव जिल्ह्यातल्या भादली बुद्रुकच्या अंजली पाटील यांचा अर्ज बाद केला होता. त्या औरंगाबाद खंडपीठात गेल्या, महिलांसाठीच्या जागेवरून लढल्या आणि जानेवारी २०२१ मध्ये निवडून आल्या. गावानं गुप्त मतदान करून स्वीकारलं. अडवलं होतं ते टेबलामागच्या माणसानं. ‘गिऱ्हाईक तुटेल.’ माप बरोबर असेल आणि भाव वाजवी असेल, तर गिऱ्हाईक तुटत नाही.

‘वरून काही आलेलं नाही’ ही मात्र खास आपल्या सरकारी हवेत वाढलेली सबब आहे, आणि ती थेट राज्य सरकारनंच वापरलेली आहे. २०२२ ची पोलीस भरती आठवा. आर्या पुजारी यांना शिपाई व्हायचं होतं. ऑनलाइन अर्जात लिंगाच्या रकान्यात पुरुष आणि स्त्री असे दोनच पर्याय होते. प्रशासकीय न्यायाधिकरणानं तिसरा पर्याय ठेवायला सांगितलं, तर सरकार त्या आदेशाविरुद्ध उच्च न्यायालयात गेलं. कारणं काय, तर धोरण नाही, शारीरिक चाचणीचे निकष नाहीत, अंमलबजावणी अवघड आहे. मुख्य न्यायमूर्ती दीपांकर दत्ता यांच्या खंडपीठानं सुनावलं की नियम करत नसाल, तर भरतीच थांबवू. त्यानंतर अवघड होतं ते काही दिवसांत सोपं झालं. रकाना आला, आणि राज्यभरातून ७३ तृतीयपंथी उमेदवारांनी अर्ज भरले. सर्वोच्च न्यायालयानं नाल्सा खटल्यात तृतीयपंथीयांची ओळख मान्य केली ती एप्रिल २०१४ मध्ये. संगणकावरचा एक रकाना वाढवायला आठ वर्षं लागली, आणि तोही दंडुका उगारल्यावर वाढला.

तमिळनाडूत पृथिका याशिनी न्यायालयात लढल्या आणि २०१७ मध्ये फौजदार म्हणून रुजू झाल्या. छत्तीसगडनं २०२१ मध्ये तेरा तृतीयपंथी शिपाई भरती केले. आपल्या मुरुमहून आळंद फार लांब नाही. त्या बाजूला, कर्नाटकात, २०२१ पासून सरकारी नोकऱ्यांत तृतीयपंथीयांना एक टक्का समांतर आरक्षण आहे. तिकडची आणि आपली माणसं एकाच यात्रेला जातात, आपापसांत सोयरिकी करतात. अवघड काय ते फक्त सीमेच्या अलीकडेच का?

आता जेन कौशिक यांच्याकडे वळतो. त्या शिक्षिका. उत्तर प्रदेशातल्या शाळेतली नोकरी काही दिवसांतच सुटली. गुजरातेत जामनगरच्या शाळेनं नेमणूक देऊ केली आणि त्या तृतीयपंथी आहेत हे कळल्यावर हात आखडता घेतला. सर्वोच्च न्यायालयानं १७ ऑक्टोबर २०२५ रोजी त्यांना भरपाई द्यायला लावली आणि नुसत्या शाळेला धरलं नाही, तर सरकारांनाही धरलं. कायदा करून स्वस्थ बसणं हाही भेदभावच आहे, हा या निकालाचा गाभा मला वाटतो. निवृत्त न्यायमूर्ती आशा मेनन यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. कामाच्या ठिकाणी समान संधीचं धोरण सुचवणं हे तिचं काम.

समितीचं स्वागत आहे. पण २०१९ च्या कायद्यात आजही काय आहे, ते पाहा. कलम ९ म्हणतं, नेमणूक असो की बढती, कुठल्याही आस्थापनेनं तृतीयपंथी व्यक्तीशी भेदभाव करायचा नाही. यात खासगी दुकान, शाळा, कारखाना सगळं आलं. कलम ११ म्हणतं, प्रत्येक आस्थापनेनं एक तक्रार अधिकारी नेमायचा. पण भेदभाव करून नोकरी नाकारली तर शिक्षा काय, हे कायदा सांगत नाही. शिक्षेच्या कलमात वेठबिगारी आहे, सार्वजनिक जागी अडवणं आहे, घरातून-गावातून हाकलणं आहे, छळ आहे. नोकरी नाकारणं नाही. त्यामुळे नाकारणारा निर्धास्त असतो. तो तोंडानं ‘कळवतो’ म्हणतो आणि कळवत नाही.

म्हणून मी एकच गोष्ट धरून बसलो आहे, आणि यापुढेही बसेन. कारण लेखी द्या. तुमच्या मते शौचालय हे कारण आहे ना? मग संस्थेच्या कागदावर लिहा की अमुक उमेदवाराची पात्रता पुरेशी होती, मुलाखत चांगली झाली, पण आमच्याकडे शौचालय नाही म्हणून नेमणूक देत नाही. खाली सही, शिक्का आणि तारीख. पतसंस्थेच्या माझ्या मित्राला मी हे सांगितलं, तर तो म्हणाला, ‘अण्णा, असं कुणी लिहून देतं होय?’ नाही देत. कारण लिहिताना लाज वाटते, आणि बोलताना वाटत नाही. जे कारण कागदावर उतरवायला हात धजत नाही, ते कारण नसतंच. तो नुसता तिटकारा असतो. जात विचारून खोली नाकारणारा घरमालकही कधी लेखी देत नाही.

खोलीचं निघालंच आहे, तर तेही बोलू. २०१७ मध्ये कोची मेट्रोनं तेवीस तृतीयपंथीयांना कामावर घेतलं. देशभर कौतुक झालं. काही दिवसांतच त्यांतल्या आठ जणांनी काम सोडलं. मेट्रोनं काढलं नव्हतं. शहरात कुणी भाड्यानं खोली देईना. लॉजचं भाडं पगारात बसेना. राहायला जागा नसेल, तर सकाळच्या पाळीला माणूस पोहोचणार कुठून? कायद्यात घर भाड्यानं घेण्याचा हक्कही लिहिलेला आहे. तेव्हा आपल्या गल्लीत खोली द्यायची वेळ येईल, तेव्हा बोट साहेबाकडे दाखवता येणार नाही. तिथं साहेब आपण आहोत.

आपल्या या पट्ट्यात, तुळजापूरच्या वाटेवर, यल्लम्माच्या जत्रेत, देवीचा जग डोक्यावर घेतलेल्या जोगत्यांच्या पायावर डोकं ठेवणारी घरं पुष्कळ आहेत. परडीत तेल-पीठ घालतात, लेकराला त्यांच्या पायावर घालतात. बल्लारीच्या तृतीयपंथी लोककलावंत मंजम्मा जोगती यांना २०२१ मध्ये पद्मश्री मिळाली, तेव्हा इथल्या किती जणांनी अभिमानानं फोटो पुढे पाठवले. ही श्रद्धा खोटी आहे असं मी म्हणणार नाही. पण उंबऱ्याबाहेर दिलेला मान आणि महिन्याच्या एक तारखेला मिळणारा पगार यांत फरक आहे. पगारातून भविष्य निर्वाह निधी कापला जातो, आजारपणात रजा मिळते, म्हातारपणी हात पसरावा लागत नाही. जोगव्यातून यातलं काही मिळत नाही. बारावी झालेल्या, टायपिंग येणाऱ्या पोरानं किंवा पोरीनं टाळी वाजवूनच पोट भरावं, असं देवीनं कुठं सांगितलेलं नाही.

२०२५ च्या अतिवृष्टीनं सोयाबीन कुजलं, घरोघर हात आखडला, हेही मी पाहिलं. अशा वर्षी नोकरीची गोष्ट काढली की ‘आमच्याच पोरांना नाही’ असं उत्तर येतं. ही पोरंही आमचीच आहेत. याच गल्लीत जन्मली, याच शाळेत त्यांनी मार खाल्ला आणि इथंच त्यांना घर सोडावं लागलं.

लोकांची मनं बदलतील का, असं मला विचारतात. बदलली तर आनंद आहे. पण मनं बदलेपर्यंत थांबायचं म्हटलं, तर एका माणसाचं नोकरीचं वय निघून जातं. ज्याला पटत नाही, त्याला न पटू द्या. मनात काय ठेवायचं ते त्यानं ठेवावं. हजेरीपटावर नाव घालावं, पगार वेळेवर करावा आणि बोलताना अहो-जाहो करावं. सध्या एवढं पुरे आहे.