त्वरेचा हक्क

घाई हा स्वभावाचा दोष मानावा कीं केवळ वेळेचा हिशेब, हा प्रश्न आमच्यापुढें एका क्षुल्लक निमित्तानें उभा राहिला. संगणक बंद होण्यास लागणारे थोडेसे सेकंद वांचविणाऱ्या लहान लहान आज्ञावली फुकट मिळतात. एक कळ दाबली कीं यंत्र तत्काळ शांत होतें. यांत नीतीचा प्रश्न कोठला, असें वाचकांस वाटेल.

परंतु बंद होतांना यंत्र उगाच रेंगाळत नाहीं. विंडोज प्रणाली चालू असलेल्या प्रत्येक आज्ञावलीस प्रथम विचारते, कीं सत्र संपवावयाचें आहे, तुझी तयारी आहे काय? जिच्यापाशीं जतन न केलेलें लिखाण असेल, तिला ‘थांबा’ म्हणतां येतें. १९९५ सालच्या विंडोजमध्यें सर्व आवराआवर झाल्यावर ‘आतां यंत्र बंद करण्यास हरकत नाहीं’ अशा अर्थाचीं अक्षरें पडद्यावर उमटत, आणि पुष्कळ यंत्रांवर शेवटची कळ माणसानेंच दाबावयाची असे. युनिक्सच्या परंपरेंतहि प्रथम विनंतीचा संकेत जातो. तो न मानल्यास दुसरा जातो, आणि त्यास नकार देण्याची सोयच नसते. शीघ्र समाप्तीच्या पुष्कळ साधनांची युक्ति एवढीच, कीं पहिली पायरी गाळावयाची.

यावर कोणी म्हणेल, अडून बसलेल्या आज्ञावलीपुढें धन्यानें किती वेळ तिष्ठत राहावें? आक्षेप खरा आहे. उत्तरच न देणाऱ्याची अनंत प्रतीक्षा करणें हा विवेक नव्हे. म्हणून प्रणालीच्या कर्त्यांनींहि मुदत ठरविली आहे. पण मुदत घालणें निराळें आणि प्रश्नच न विचारणें निराळें. पहिल्यांत दुसऱ्याचें कांहीं म्हणणें असूं शकेल हें मान्य केलेलें असतें; दुसऱ्यांत तें आधींच नाकारलेलें असतें.

आमच्या घरीं एकाच संगणकावर तिघांचीं कामें चालत. एका रात्रीं आम्हीं अशीच कळ दाबली. आमचें सर्व जतन झालें होतें. मुलीचें सत्र मात्र मागें उघडें होतें, व त्यांत तिनें संध्याकाळभर लिहिलेला निबंध होता. नेहमींच्या मार्गानें गेलों असतों, तर ‘दुसरें कोणी काम करीत आहे, त्यांचा मजकूर नष्ट होण्याचा संभव आहे’ अशी सूचना मिळाली असती. सकाळीं ती रागावली नाहीं. “बाबा, एकदां विचारायचं होतंत,” एवढेंच म्हणाली.

वांचलेले सेकंद आमचे होते. गेलेली संध्याकाळ तिची होती. आपला वेळ वांचविण्यास प्रत्येकजण मुखत्यार आहे. परंतु त्याची किंमत दुसऱ्यास मोजावी लागण्याचा संभव असेल, तर विचारण्याचें बंधन येतें. यंत्रास भावना नाहींत, हें आम्ही जाणतों. त्यानें आज्ञावलीस केलेला प्रश्न वस्तुतः तिच्याआड बसलेल्या माणसास असतो.

एकट्याच्या यंत्रावर, सर्व जतन करून, असें साधन वापरण्यांत आम्हांस आजहि दोष दिसत नाहीं. घरच्या यंत्रावर मात्र आम्ही तें अर्धें मिनिट थांबतों, आणि थांबण्यापूर्वीं आंतल्या खोलींत एक हाक मारतों.