उचलून नेणे म्हणजे सुरक्षा नव्हे

खाडीपट्ट्यातला माणूस मदतीला मागे हटत नाही. पायाने अधू असलेला कुणी धक्क्यावर आला, की दोघे पुढे होतात. एक जण बगलेत हात घालतो, दुसरा गुडघ्यांखाली, आणि त्याला होडीत उतरवतात. ही माया खरी आहे. तरीही तिला सुरक्षा म्हणता येत नाही. ओहोटीला धक्का वर राहतो, होडी खाली जाते, पायऱ्यांवर शेवाळ असते. उचलणाऱ्याचा पाय सरकला की दोघेही पाण्यात. आणि ज्याला उचलले त्याला कुणी विचारलेलेच नसते, की तुला कसे धरू?

महाड तालुक्यात सावित्रीच्या खाडीकाठी असलेल्या तुडीलच्या माणसाला पाणी टाळता येत नाही. खाडीवरचा आंबेतचा पूल 2022 साली बंद होता, तेव्हा पलीकडच्या म्हाप्रळला जाणारे-येणारे फेरीबोटीवर अवलंबून होते. 22 जुलै 2021 ला सावित्रीच्या पुराने महाड बुडाले, आणि होडी थेट दारात आली. त्या वेळी ‘दिव्यांगांनी घरीच थांबावे’ या सल्ल्याचा काय उपयोग? एरवीही हा सल्ला मला मान्य नाही. धोका आहे म्हणून माणसाला प्रवासच नाकारणे सोपे असते. धोका कमी करायला मात्र खर्च आणि कष्ट लागतात.

18 डिसेंबर 2024 ला मुंबईत गेटवेहून घारापुरीला निघालेल्या ‘नीलकमल’ बोटीला नौदलाची स्पीडबोट धडकली. 15 जण गेले. बहुतेक प्रवाशांच्या अंगात धडक बसली तेव्हा लाइफ जॅकेट नव्हते. हातपाय धड असलेल्यांनाही बुडत्या बोटीवर ते शोधून चढवताना धावपळ झाली. मग ज्याचा एक हात चालत नाही, त्याला कुणी चढवायचे? जॅकेट धक्क्यावरच, होडीत पाय ठेवण्याआधी अंगात हवे. ते तोंड पाण्याच्या वर ठेवणारे, मानेला आधार देणारे आणि खालून पट्टा असलेले हवे. नुसते गळ्यात अडकवलेले जॅकेट दुबळ्या अंगावरून वर सरकून निघते.

चाकाच्या खुर्चीत बसलेल्या माणसाला तोल जाऊ नये म्हणून ओढणीने किंवा दोरीने खुर्चीलाच बांधतात. असे कधीही करू नये. होडी कलंडली तर खुर्ची त्याला तळाशी नेते. लहान होडीत त्याला खुर्चीतून काढून मधोमध, खाली बसवावे. पोलिओच्या पायातले लोखंडी कॅलिपर जड असतात. ते काढायचे की ठेवायचे, हे निघण्याआधी त्याच्याशीच बोलून ठरवावे. अंध प्रवाशाचा हात काठावर आणि जॅकेटच्या पट्ट्यावर ठेवून जागा ओळखू द्यावी. कर्णबधिराला भोंगा ऐकू येत नाही, तेव्हा होडी चालवणाऱ्या तांडेलाने हाताची एक खूण आधीच पक्की करावी. यातल्या बहुतेक गोष्टींना पैसा लागत नाही.

25 डिसेंबर 1927 ला डॉ. आंबेडकर महाडच्या सत्याग्रहासाठी बोटीने याच खाडीतून दासगावला उतरले. चवदार तळ्यावर मागितला तो हक्क होता, कुणाचा उपकार नव्हता. दिव्यांगांच्या बाबतीत आपण अजून उपकारावरच अडलो आहोत. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्याचे कलम 8 सांगते, की जिल्हा आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाने जिल्ह्यातील दिव्यांगांची नोंद ठेवावी आणि धोक्याची सूचना त्यांच्यापर्यंत पोचवावी. ती नोंद तुडीलच्या वाडीवाडीपर्यंत यायला हवी: कोण कुठे राहते, कोणाला दिसत नाही, कोणाला दोघांचा आधार लागतो, आणि ते दोघे कोण.

पैशाचा प्रश्न निघाला की काही जण ग्रामपंचायतीच्या दिव्यांगांसाठी राखीव 5 टक्के निधीकडे बोट दाखवतील. त्याला हात लावू नये. तो त्यांच्या उपचाराचा, शिक्षणाचा, पोटापाण्याचा आहे. धक्क्याचा कठडा, घसरणार नाही अशी रुंद फळी आणि जॅकेटे सगळ्या गावाच्या खर्चातून यावीत. गरोदर बाई आणि म्हातारा माणूसही त्याच फळीवरून चढणार आहे.

1 मेच्या ग्रामसभेत हा विषय घ्यावा, कारण त्यानंतर पावसाला जेमतेम महिना उरतो. त्या महिन्यात एकदा भरतीला आणि एकदा ओहोटीला, गावातल्या दिव्यांगांना सोबत घेऊन होडीत चढण्या-उतरण्याचा सराव करावा. फळी कुठे अरुंद आहे, कुणाचा हात कुठे लागला की दुखते, हे तेच सांगतील, आणि फेरफार त्यांच्या सांगण्यावरून व्हावेत.