वाजंत्र्याचे आजारपण कोणाचे?

मिरज शहराची ख्याती दोन गोष्टींसाठी आहे : संगीत आणि वैद्यकी. सतारमेकर गल्लीत भोपळ्यातून तंबोरे आकाराला येतात. मीरासाहेबांच्या दर्ग्याच्या आवारात उस्ताद अब्दुल करीम खाँ चिरविश्रांती घेत आहेत. याच गावात प्रेस्बिटेरियन मिशनचे डॉ. विल्यम वॉनलेस यांनी १८९४ साली रुग्णालय उभारले.

विसाव्या शतकाच्या आरंभी या दोन्ही गोष्टी एका मुलाच्या आयुष्यात एकत्र आल्या. नारायण राजहंस या गोड गळ्याच्या मुलाला कानाचा विकार होता. छत्रपती शाहू महाराजांनी त्याला उपचारांसाठी डॉ. वॉनलेस यांच्याकडे धाडले. पुढे १९०५ साली तो किर्लोस्कर नाटक मंडळीत दाखल झाला आणि बालगंधर्व म्हणून महाराष्ट्राच्या हृदयात जाऊन बसला. एक कान बरा झाला आणि अवघ्या महाराष्ट्राला सूर लाभला.

परंतु ज्याला राजा भेटत नाही, त्याच्या कानाचे काय? सातारा-सांगलीच्या लग्नसराईत वाजणारा बँड, सनई-चौघडा, यात्रेतील हलगी, तमाशाच्या फडातील ढोलकी : ही सारी माणसे शरीरावरच पोट भरतात. ताशाच्या आवाजाने कान मंदावतो, ढोलकीवाल्याची बोटे आणि खांदा धरतो, सनईवाल्याचा दम कमी होतो. वाजविले नाही, तर त्या दिवसाची कमाई नाही. पावसाळ्यात सुपाऱ्या कमी; २०२० च्या साथीत तर लग्ने आणि यात्रा दोन्ही थांबल्या.

मानसन्मान कोणाच्या वाट्याला येतच नाहीत, असे नव्हे. वाईच्या यमुनाबाई वाईकरांना २०१२ साली पद्मश्री मिळाली. पण त्यांच्यामागे बसून साथ करणाऱ्यांची नावे आपल्यापैकी किती जणांना सांगता येतील? रेठरे हरणाक्षचे पठ्ठे बापूराव १९४५ साली विपन्नावस्थेतच गेले. त्यांच्या लावण्यांवर मात्र आजही फड रंगतात.

शासनाने काहीच केले नाही, असे म्हणणे अन्यायाचे होईल. महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेतून मोठ्या शस्त्रक्रियांना आधार मिळतो. वृद्ध कलावंतांना मानधनही आहे. तथापि रुग्णालयात दाखल होण्याआधीची तपासणी, रोजची औषधे आणि बुडालेली मजुरी यांचा भार ज्याचा त्यालाच उचलावा लागतो. म्हणून दुखणे अंगावर काढले जाते.

येथे कोणी विचारील, ऊसतोडणी कामगारही असाच भरडला जातो. मग वाजंत्र्याचीच काळजी का? प्रश्न रास्त आहे. दोघांचाही हक्क सारखाच आहे. फरक इतकाच की कामगाराला निदान मुकादम आणि कारखाना तरी दाखविता येतो. वाजंत्र्याचा मालक दररोज बदलतो. आज या घरचे लग्न, उद्या त्या गावची यात्रा. मालक शंभर असल्यामुळे जबाबदार कोणीच नाही. खरे पाहता त्याचा मालक म्हणजे आपण सारे, मांडवात बसणारा समाज. तेव्हा त्याचे औषधपाणी ही आपली दया नसून आपल्याकडे राहिलेले त्याचे देणे आहे.

ख्रिस्तसभेची शिकवण याहून वेगळी नाही. पोप जॉन पॉल दुसरे यांनी १९८१ साली श्रमाविषयी लिहिलेल्या विश्वपत्रात, कामगाराला वैद्यकीय मदत सहज, स्वस्त आणि शक्य तर विनामूल्य मिळावी, असे म्हटले आहे. शुभवर्तमानातील चांगल्या शोमरोन्याने जखमा बांधल्या, पण तेवढ्यावर तो थांबला नाही. त्याने उतारशाळेच्या रक्षकाला दोन दिनार दिले आणि अधिक खर्च झाल्यास परतताना भरीन, असे सांगितले. कळवळ्याला त्याने व्यवस्थेची जोड दिली.

अशी व्यवस्था अशक्य नाही. अमेरिकेतील न्यू ऑर्लिन्स शहरात १९९८ पासून संगीतकारांसाठी स्वतंत्र दवाखाना आहे. आपल्याला तेवढे जमेलच असे नाही. पण प्रत्येक लग्नात बँडच्या सुपारीसोबत शंभर रुपये बाजूला काढून धर्मग्रामाच्या निधीत टाकणे, वर्षातून एकदा कान-छातीची तपासणी ठेवणे आणि त्या तपासणीला कोणत्याही धर्माच्या वाजंत्र्याला बोलावणे, हे आपल्या आवाक्यातले आहे.

पुढच्या सणाच्या मिरवणुकीनंतर बँडमास्तरांच्या हाती पाकीट देताना आपण एवढे तरी विचारू या : 'तुमची माणसे बरी आहेत ना?' आणि उत्तर ऐकायला थांबू या.